प्रकाशाचा रेटा आणि मेघनाद साहा

मी कला शाखेचा विद्यार्थी. इतिहास हा माझा विशेष विषय. अणू, किरण, उपग्रह यांच्याशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबरच संपला, असे मी समजत होतो. त्यामुळे आपल्या वार्षिक अंकात एका भौतिकशास्त्रज्ञाचे चरित्र माझ्या नावावर पाहून माझ्या वर्गमित्रांना नवल वाटेल. ते वाटू नये म्हणून हे सारे कसे घडले ते आधी सांगतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गाची सहल पांडवलेण्यांवर गेली होती. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. त्यांत ४१, ४२, ४५ अशी वर्षे कोरलेली आहेत. ही वर्षे कोणत्या गणनेतली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. सर ते समजावून देत असताना शक संवताचा विषय निघाला. उतरताना मला एक साधा प्रश्न पडला. आमच्या घरातल्या पंचांगात शकाचे नवे वर्ष गुढीपाडव्याला लागते. मग भारत सरकारच्या राजपत्रावर छापलेला शक २२ मार्चला का सुरू होतो? सरांनी उत्तर न देता ग्रंथालयाकडे बोट दाखविले.

ग्रंथालयात मला दिनदर्शिका सुधारणा समितीची हकीकत सापडली. ही समिती १९५२ साली नेमली गेली. तिच्यात पुण्याचे ज. स. करंदीकर आणि नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी असे दोन मराठी सभासद होते. अध्यक्ष मात्र पंडित नव्हते, ज्योतिषीही नव्हते. ते होते डॉ. मेघनाद साहा, ताऱ्यांच्या प्रकाशाचा अभ्यास करणारे पदार्थवैज्ञानिक. पंचांगाचा माणूस शोधायला गेलो आणि प्रकाशाचा माणूस हाती लागला. त्यांचे चरित्र वाचू लागलो ते खाली ठेववेना. त्याचे कारण शास्त्र नव्हते. कारण होते त्या चरित्रातले पाच रुपये. त्यांच्याविषयी ओघाने येईलच.

मेघनाद साहा यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी पूर्व बंगालमधील ढाका जिल्ह्यात, शेओडातली या खेड्यात झाला. तो भाग आज बांगलादेशात आहे. वडील जगन्नाथ यांचे किरकोळ वाणसामानाचे दुकान. आईचे नाव भुवनेश्वरी देवी. आठ भावंडांत मेघनाद पाचवे. मुलाने अक्षरओळख करून घ्यावी, आकडेमोड शिकावी आणि दुकानात बसावे, एवढीच घरची अपेक्षा. गावची शाळाही प्राथमिकच होती. पुढची शाळा शिमुलिया या गावी, सुमारे दहा किलोमीटरांवर. तिथे राहण्याजेवण्याचा खर्च वडिलांना झेपणारा नव्हता.

थोरला भाऊ जयनाथ याने धावाधाव केली आणि शिमुलियाच्या डॉ. अनंतकुमार दास यांनी मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले. अट एवढीच की, त्याने आपले ताट आपण घासावे आणि घरच्या गाईची देखभाल करावी. मेघनादांनी गाय सांभाळली, ताट घासले आणि परीक्षेत ते ढाका जिल्ह्यात पहिले आले. महिना चार रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०५ साली ते ढाक्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. जयनाथ तेव्हा मैमनसिंहला तागाच्या कंपनीत नोकरीला होता. पगार वीस रुपये. त्यातले पाच रुपये तो दरमहा धाकट्या भावाला पाठवी. वैश्य समाजाची एक संस्था आणखी दोन रुपये देई. अकरा रुपयांत महिना काढायचा.

पण ते वर्ष वंगभंगाचे होते. पूर्व बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर बॅम्फिल्ड फुलर शाळेला भेट देणार होते. विद्यार्थ्यांनी भेटीवर बहिष्कार टाकला. बहिष्कार टाकणाऱ्यांत बारा वर्षांचे मेघनादही होते. शाळेतून नाव कमी झाले, शिष्यवृत्ती गेली. अकरातले चार रुपये गेले. भावाचे पाच आणि समाजाचे दोन उरले. एका खासगी शाळेने मुलाला आधार दिला आणि १९०९ साली प्रवेश परीक्षेत तो पूर्व बंगालात पहिला आला.

पुढे ढाका कॉलेज. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला होता. त्यावर साहांनी ढाका कॉलेजच्या मासिकात लेख लिहिला. आकाशाविषयीचे त्यांचे हे पहिले लेखन. मोठ्या माणसांची सुरुवात कधीकधी आपल्या या अंकासारख्याच कॉलेजच्या अंकात झालेली असते, हे वाचून मला धीर आला. खरे म्हणजे साहांच्या आयुष्यातला एक मोठा प्रश्न धूमकेतूच्या शेपटीतच दडलेला होता. धूमकेतू सूर्याकडे जात असो की सूर्यापासून दूर पळत असो, त्याची शेपूट सदैव सूर्याच्या उलट दिशेलाच पसरते. चालत्या माणसाचे उपरणे मागे उडते, तशी ती मागे उडत नाही. जणू सूर्याकडून वारा वाहतो आहे. योहानेस केप्लर याने सतराव्या शतकातच असा तर्क केला होता की, सूर्याचे किरणच ही शेपूट ढकलीत असावेत.

प्रकाश ढकलतो! हे ऐकायला विचित्र वाटते. आपण दिवसभर उन्हात उभे राहिलो तर डोके तापते, पण कोणी ढकलल्यासारखे होत नाही. तरीही १८७३ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी गणिताने दाखवून दिले की, प्रकाश ज्यावर पडतो त्यावर दाब देतो. १९०० च्या सुमारास रशियाचे लेबेदेव यांनी निर्वात भांड्यात हलकी पाती टांगून हा दाब प्रत्यक्ष मोजला. तो किती असावा? पृथ्वीच्या अंतरावर, वातावरणाच्या वर, एक चौरस मीटर आरशावर सूर्यप्रकाशाचा रेटा सुमारे नऊ मायक्रोन्यूटन, म्हणजे एक मिलिग्रॅम वजनाहूनही थोडा कमी असतो. नाशिककरांना समजेल असा हिशेब मी करून पाहिला. एकरभर द्राक्षबागेएवढा आरसा अवकाशात सूर्यासमोर धरला, तर त्यावरचा सारा रेटा पावणेचार ग्रॅम भरतो. सबंध एकराला एका टपोऱ्या द्राक्षमण्याचे वजन!

असो. साहा १९११ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. सत्येंद्रनाथ बोस हे वर्गमित्र. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय हे शिक्षक. बी. एस्सी. आणि एम. एस्सी. या दोन्ही परीक्षांत सत्येंद्रनाथ पहिले, साहा दुसरे. परंतु या वैभवाच्या काळाला एक काळी किनार आहे. साहा ज्या जातीत जन्मले ती तेव्हाच्या बंगालात खालची मानली जाई. वसतिगृहातल्या काही उच्चवर्णीय मुलांनी त्यांच्या पंक्तीला बसून जेवायला नकार दिला. सरस्वतीच्या पूजेच्या वेळी पुष्पांजली वाहण्यासही त्यांना मज्जाव करण्यात आला. विद्येच्या देवतेसमोर, त्या वसतिगृहातल्या सर्वांत बुद्धिमान मुलांपैकी एकाला! साहा ते विसरले नाहीत. नंतरच्या आयुष्यात धर्माच्या नावाने चाललेल्या अंधश्रद्धेवर त्यांनी जे कोरडे ओढले, त्यांचे मूळ मला येथे दिसते.

एम. एस्सी. झाल्यावर सरकारी वित्त सेवेच्या परीक्षेला बसण्याचा त्यांचा विचार होता. घरची गरज तशीच होती. परंतु क्रांतिकारकांशी संबंध असल्याचा संशय आणि जुना बहिष्कार आडवा आला. परीक्षेला बसण्याची परवानगीच मिळाली नाही. साहा सायकलवरून कलकत्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खासगी शिकवण्या करीत हिंडू लागले. १९१६ साली नव्या विज्ञान महाविद्यालयात त्यांची गणिताच्या व्याख्यातेपदी नेमणूक झाली. तिथे विभागप्रमुखांशी जमेना, म्हणून त्यांची बदली पदार्थविज्ञान विभागात झाली. हा विषय त्यांनी पदवीनंतर शिकलेला नव्हता. विद्यार्थ्यांना शिकवता शिकवताच ते स्वतः शिकले. जर्मन भाषा त्यांना येत होती. मिळतील तेवढे जर्मन ग्रंथ त्यांनी वाचले. त्या काळात ताज्या असलेल्या पुंजसिद्धांताशी त्यांची ओळख अशी झाली.

आता त्यांच्या पहिल्या मोठ्या कल्पनेकडे येऊ. मॅक्सवेलचा दाब धुळीच्या कणाला लागू पडत होता. पण धूमकेतूच्या शेपटीत आणि सूर्याच्या वातावरणात वायूचे सुटे अणूही असतात. अणू प्रकाशाच्या लाटेपेक्षा हजारो पटींनी लहान. जुन्या गणिताप्रमाणे एवढ्या लहान वस्तूला लाट जवळजवळ ढकलतच नाही. मग कॅल्शियमसारखा जड वायू सूर्याच्या पृष्ठभागावर हजारो किलोमीटर उंच कसा तरंगतो? सूर्याचे प्रचंड गुरुत्वाकर्षण त्याला खाली का खेचीत नाही?

साहांनी उत्तर दिले ते असे. प्रकाश सलग लाटेसारखा पडत नाही, तो पुंजांनी, म्हणजे ठोक पुड्यांनी येतो. आणि प्रत्येक अणूची आवड ठरलेली असते. तो आपल्या विशिष्ट रंगाचाच पुंज गिळतो. बाकीचे त्याच्या अंगावरून निघून जातात. पण जो गिळतो त्याचा धक्का त्याला पुरता बसतो. गिळलेला प्रकाश तो पुन्हा सोडतो खरा, पण सोडताना कधी इकडे तर कधी तिकडे. ते धक्के एकमेकांना मारून जातात. सूर्याकडून आलेले धक्के मात्र सगळे एकाच दिशेचे, म्हणून ते साठत जातात. म्हणजे प्रकाशाचा दाब सर्वांना सारखा नाही, तो निवडक आहे. ज्या अणूच्या आवडीचा रंग सूर्यप्रकाशात भरपूर, त्याला रेटा जास्त. तो इतका असू शकतो की, गुरुत्वाकर्षणाशी बरोबरी करील.

साहांनी कलकत्त्यातच एका सहकाऱ्याबरोबर प्रकाशाचा दाब मोजण्याचा प्रयोगही केला आणि त्याचे निष्कर्ष १९१८ साली प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास, १९१७ च्या अखेरीस, निवडक दाबावरचा आपला सविस्तर निबंध त्यांनी अमेरिकेतील ॲस्ट्रोफिजिकल जर्नलकडे पाठविला. जगातल्या ज्योतिर्वैज्ञानिकांचे ते पहिल्या प्रतीचे नियतकालिक. संपादकांकडून उत्तर आले. निबंध लांब आहे, छपाईच्या खर्चाचा वाटा लेखकाने उचलावा, असा त्याचा आशय होता. ती रक्कम शंभर डॉलरांच्या वर जात होती. ज्याच्या पगारावर आईवडील आणि धाकटी भावंडे अवलंबून होती, त्याने ती आणायची कोठून? साहांनी आपली अडचण कळविली. निबंध छापला गेला नाही. १९१९ साली त्या नियतकालिकात त्याचे छोटेसे टिपण तेवढे आले. मूळ विवेचन पुढे कलकत्ता विद्यापीठाच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाले. परदेशात ती फारच थोड्यांच्या हाती पडत असे.

नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये ई. ए. मिल्न यांनी प्रकाशाच्या दाबावर कॅल्शियमचे वातावरण कसे तोलले जाते, याचे विस्तृत गणित मांडले आणि या विषयाशी त्यांचे नाव जोडले गेले. मिल्न थोर शास्त्रज्ञ होते. त्यांचे काम स्वतंत्र मोलाचे आहे. पण कल्पनेचा पहिला धनी कोण, हा प्रश्न साहांच्या मनात सलत राहिला. १९३६ साली ते अमेरिकेतील यर्क्स वेधशाळेत गेले असता, त्यांच्या त्या न छापलेल्या निबंधाचे हस्तलिखित तिथे जपून ठेवलेले त्यांना दाखविण्यात आले. जवळजवळ वीस वर्षे ते कागद तिथे पडून होते. त्या क्षणी त्यांना काय वाटले असेल? १९४६ साली, म्हणजे आणखी दहा वर्षांनी, प्लास्केट या शास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही सारी हकीकत सांगितली आहे. तीस वर्षांनंतरही ती सांगावीशी वाटली, यावरूनच जखम केवढी होती ते कळते.

साहा रडत मात्र बसले नाहीत. सूर्याच्या वातावरणाचाच विचार करीत असताना उष्णतेने अणूंतून इलेक्ट्रॉन कसे सुटतात, याचे सूत्र त्यांना सापडले आणि १९२० साली ते इंग्लंडमधील फिलॉसॉफिकल मॅगझीनमध्ये प्रसिद्ध झाले. तेच जगप्रसिद्ध साहा समीकरण. ताऱ्याच्या वर्णपटावरून त्याचे तापमान आणि घटक ओळखण्याची किल्ली त्यामुळे माणसाच्या हाती आली. प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला आणि बर्लिनला जाऊन आले. मुंबईच्या ज्या व्यापाऱ्याच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला, त्याच प्रेमचंद रायचंदांनी कलकत्ता विद्यापीठाला दिलेल्या देणगीतली ही शिष्यवृत्ती. १९२७ साली साहा रॉयल सोसायटीचे सभासद झाले. या यशाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून मी येथे थांबतो. मला पुन्हा त्या रेट्याकडेच वळायचे आहे. कारण साहांच्या मृत्यूनंतर त्या रेट्याला नवेच काम मिळाले.

साहा १९५६ साली वारले आणि १९५७ साली पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला. १२ ऑगस्ट १९६० रोजी अमेरिकेने एको-१ नावाचा, तीस मीटर व्यासाचा एक चकचकीत फुगा पृथ्वीभोवती सोडला. आकार केवढा आणि वजन किती कमी! थोड्याच दिवसांत त्याची जवळपास वर्तुळाकार असलेली कक्षा लांबट होऊ लागली. ढकलणारा होता सूर्यप्रकाश.

हे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू अर्धी फेरी सूर्यापासून दूर जात असते आणि अर्धी फेरी सूर्याकडे येत असते. दूर जाताना ऊन पाठीमागून ढकलते, वेग वाढतो. त्यामुळे कक्षेची समोरची बाजू पृथ्वीपासून वर उचलली जाते. सूर्याकडे येताना तेच ऊन समोरून अडविते, वेग घटतो. त्यामुळे समोरची बाजू खाली येते. एक बाजू वर, दुसरी खाली. फेरीअखेर जमाखर्च जवळजवळ शून्य, पण वर्तुळाचे लंबवर्तुळ झालेले असते. एकोच्या बाबतीत हे महिनोन्‌महिने एकाच दिशेने साठत गेले.

आता फुग्याऐवजी शीड घ्या. फुगा सर्व बाजूंनी सारखाच. शीड वळवता येते. सूर्यापासून दूर जाताना ते सूर्यासमोर पसरून धरायचे आणि सूर्याकडे येताना कड करून फिरवायचे, म्हणजे ऊन अंगावर येतच नाही. मग दर फेरीला नफाच नफा. झोक्यावरचे मूल पुढे निघाले की हलका हात द्यायचा, परत येताना हात काढून घ्यायचा, तसे हे आहे. जून २०१९ मध्ये सोडलेल्या लाइटसेल-२ या छोट्या यानाने बत्तीस चौरस मीटरच्या शिडाने हेच करून दाखविले. शीड उघडल्यावर पहिल्या काही दिवसांतच कक्षेचा दूरचा बिंदू सुमारे दोन किलोमीटरनी वर गेला. त्या उंचीवरही विरळ हवा असते. अखेर तिचे घर्षण प्रकाशाच्या रेट्यावर मात करून गेले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते यान वातावरणात शिरून जळाले.

सूर्याभोवती फिरणाऱ्या शिडाची गोष्ट तर याहून गमतीची. सूर्याचे आकर्षण आणि सूर्याचा प्रकाश, दोन्ही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतात. म्हणून त्यांचे परस्परप्रमाण सगळीकडे तेच राहते. शीड सूर्याकडे सरळ तोंड करून धरले, तर जणू सूर्याचे वजनच थोडे कमी झाले अशा कक्षेत ते फिरते. दर चौरस मीटरला सुमारे दीड ग्रॅम इतके हलके यान बनविता आले, तर आकर्षण आणि रेटा यांची बरोबरीच होईल. पण शीड तिरपे केले की आणखीच काही घडते. परावर्तित प्रकाश एका बाजूला फेकला जातो आणि यानाला दुसऱ्या बाजूला रेटा मिळतो. तो गतीच्या दिशेने मिळाला तर यान वेग घेत सूर्यापासून दूर दूर जाते. गतीच्या विरुद्ध मिळाला तर यान मंदावते आणि चकरा घेत सूर्याच्या जवळ जाते! रेटा नेहमी सूर्यापासून दूरच लोटणारा. पण शिडाचा कल बदलला की त्याच रेट्यावर सूर्याकडेही जाता येते. आमच्या जिल्ह्यात येवल्याला संक्रांतीचे पतंग पाहिलेल्यांना हे पटकन कळेल. वारा एकाच दिशेने वाहतो, पतंग कुठे जाणार ते त्याच्या कलावर आणि उडविणाऱ्याच्या हातावर असते. २०१० साली जपानचे इकारोस हे यान चौदा मीटर बाजूचे शीड पसरून सूर्यप्रकाशाच्या रेट्यासह शुक्रापर्यंत गेले. रेटा होता एक दशांश ग्रॅम वजनाहून किंचित जास्त.

आपल्या देशालाही या रेट्याने एक धडा दिला आहे. १० एप्रिल १९८२ रोजी इन्सॅट-१अ हा उपग्रह आकाशात गेला. त्याचे सौरपंख एकाच बाजूला होते. ऊन त्या पंखांवर रेटा देई, दुसरी बाजू मोकळी. म्हणजे तराजूच्या एकाच पारड्यात वजन पडल्यासारखे होऊन उपग्रह सतत कलंडू पाहणार. म्हणून विरुद्ध बाजूस लांब दांड्यावर एक छोटे सौर शीड बसविले होते. ते प्रवासासाठी नव्हते, तोल सांभाळण्यासाठी होते. ते शीड उघडलेच नाही. इतरही बिघाड झाले. उपग्रहाचा तोल राखण्यातच इंधन खर्ची पडत गेले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो सोडून द्यावा लागला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये गेलेल्या इन्सॅट-१ब ने मात्र अनेक वर्षे देशाची सेवा केली. डोळ्यांना न दिसणारा, अंगाला न जाणवणारा दाब कोट्यवधी रुपयांच्या उपग्रहाला जड जाऊ शकतो, हे आपण तेव्हा पाहिले.

आणि साहांच्या निवडक दाबाचे काय झाले? सूर्यावरच्या कॅल्शियमचे आजचे स्पष्टीकरण वेगळे आहे. त्यात लाटा आणि चुंबकीय क्षेत्र यांचा वाटा मोठा मानतात. परंतु अतितप्त ताऱ्यांवरून सुटणारे वायूचे झोत अणूंनी आपापल्या रंगाचा प्रकाश गिळल्यामुळेच ढकलले जातात, हे आता सर्वमान्य आहे. १९९७ साली हेल-बॉप धूमकेतू आला. त्याला नेहमीच्या दोन शेपट्यांखेरीज सोडियमच्या अणूंची तिसरी, सरळ, अरुंद शेपूट आढळली. सोडियमचे अणू आपल्या आवडीचा पिवळा प्रकाश गिळून सूर्यापासून दूर ढकलले जात होते. ढाका कॉलेजच्या मासिकात धूमकेतूवर लिहिणाऱ्या मुलाची कल्पना अशी एका धूमकेतूनेच खरी करून दाखविली. पाहायला साहा नव्हते.

त्यांचे उरलेले आयुष्य थोडक्यात सांगतो. १९२३ ते १९३८ ते अलाहाबादला प्राध्यापक होते. नंतर कलकत्त्याला परतले. १९३४ साली मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे ते अध्यक्ष होते. दामोदर नदीच्या पुरापासून देशाच्या औद्योगिक नियोजनापर्यंत अनेक प्रश्नांना त्यांनी हात घातला. अणुकेंद्र विज्ञानाची संस्था उभारली, ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९५२ साली ते कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून आले. देशात निरनिराळी पंचांगे, निरनिराळी वर्षारंभे; त्यांचा मेळ घालण्याचे काम त्यांच्या समितीने केले. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे पायी जात असता हृदयविकाराचा झटका येऊन ते कोसळले. २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवशी, त्यांच्या समितीची राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तोही दिवस त्यांनी पाहिला नाही. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. सरकारी शक चंद्राच्या तिथीवर न चालता सूर्यावर चालतो, आणि वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो.

आता ते पाच रुपये. आमचे गाव दिंडोरी तालुक्यात. शेती थोडी, तीही पावसावर. दादा बारावीनंतर सातपूरच्या एका कारखान्यात लागला. माझी फी, खोलीचे भाडे, पुस्तके हे सारे त्याच्या पगारातून येते. गेल्या वर्षी घरची अडचण पाहून मीही कॉलेज सोडायचे ठरविले होते. दादाने ऐकले नाही. शिकायची इच्छा त्यालाही होती, हे मला ठाऊक आहे. म्हणून जयनाथचे पाच रुपये वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. साहांच्या समीकरणाखाली जयनाथचे नाव कोठेही नाही.

साहांना आयुष्याने बहुतेक वेळा लोटलेच. शाळेने लोटले, पंक्तीने लोटले, सरकारी नोकरीने लोटले, छपाईच्या बिलाने लोटले. त्यातले काहीच योग्य नव्हते आणि त्या निबंधाचे जे नुकसान झाले ते भरून आले नाही. परंतु प्रत्येक वेळी त्यांनी आपले शीड थोडे वळविले आणि ज्या दिशेला जायचे होते तिकडेच गेले. तसे वळवायला हात मोकळा राहिला, कारण मागून दरमहा एक लहानसा रेटा न चुकता येत होता.

दादाला हा अंक मी स्वतः नेऊन देणार आहे.